संध्याकाळच्या तुकडीचे लाल डोळे: किनाऱ्यालगतच्या तरणतलावाच्या प्रकल्प नोंदी

जागा: रत्नागिरी तालुका, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तलाव २५ × १० मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे ३०० घनमीटर किंवा ३ लाख लिटर पाणी. वर पत्र्याचं छप्पर. पश्चिमेच्या अंगाला वाळू आणि पाचोळा अडवायला जमिनीपर्यंत ताडपत्री. वाळूचा फिल्टर, सहा तासांत सगळं पाणी एकदा फिरतं. उन्हाळी शिबिरात दिवसाला साधारण १८० मुलं.
तक्रार: डोळ्यांची आग, खोकला, अंगाला खाज. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. आजवरचा उपाय: "क्लोरीन जास्त झालं" म्हणून डोस कमी करणे.

३ एप्रिल

तलावावरचं तपासणीचं किट ओटीओचं आहे: थेंब टाकले की पिवळा रंग. हे किट फक्त एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला कामाचा किती आणि घामा-लघवीशी बांधला गेलेला किती, हे त्याला सांगता येत नाही. पिवळा गडद दिसला की क्लोरीन भरपूर, असा समज त्यातूनच होतो. आजपासून डीपीडी गोळ्या. १० मिलि नमुन्यात १ नंबरची गोळी टाकली की फ्री, म्हणजे कामाचा क्लोरीन, त्याच नमुन्यात ३ नंबरची टाकली की एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे कंबाइन्ड, बांधला गेलेला.

संध्याकाळी सहाचं वाचन: फ्री ०.६, एकूण १.७, म्हणजे कंबाइन्ड १.१ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). पीएच ६.८. अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवण्याची पाण्याची ताकद) ३५. कॅल्शियम हार्डनेस ६०. पाणी ३०.५ अंश. सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनच्या गोळ्यांतून येणारं) मापाच्या पट्टीच्या वर गेलं. नमुना तितक्याच साध्या पाण्यात मिसळून पुन्हा मोजलं तेव्हा ५५ आलं, म्हणजे खरं ११०.

हे आकडे एकमेकांना धरून आहेत. तलावात आजवर टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) या क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या जात होत्या. गोळी आम्लधर्मी, त्यात जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ आणि कमी अल्कलिनिटीचं, त्यामुळे पीएच खाली घसरतो. टीसीसीएमधून १० पीपीएम क्लोरीन मिळाला की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, नुसतं साठत जातं. उघड्या तलावात ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. पत्र्याखाली मात्र त्याचा फायदा शून्य. उलट क्लोरीनचा मोठा भाग स्वतःशी बांधून ठेवतं. फ्री ०.६ लिहिलंय खरं, पण जंतूंवर प्रत्यक्ष चालणारा अंश नगण्य आहे.

नाकाला झोंबतो तो वास फ्री क्लोरीनचा नव्हे, ट्रायक्लोरामाइनचा. घाम आणि लघवीतला युरिया व अमोनिया क्लोरीनशी भिडले की मोनो, डाय आणि शेवटी ट्रायक्लोरामाइन तयार होतं. पीएच जितका खाली, तितकं ट्रायक्लोरामाइन जास्त. ते पाण्यात फार विरघळत नाही, पटकन हवेत येतं आणि पृष्ठभागालगत रेंगाळतं. पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथेच. म्हणजे आजवर डोस कमी करण्याने आजार वाढवलाच असणार.

५ एप्रिल

तक्रारवही सुरू केली. रकाने: वेळ, तुकडी, डोळे, खोकला, कातडी, कान, गॉगल होता का, ताडपत्री वर की खाली. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी ठरेल असं दिसतंय. दुपारनंतर खारं वारं जोर धरतं तशी ताडपत्री खाली सोडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या तुकडीचा राबता तेव्हाच असतो.

डोळ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. साधं गोडं पाणीसुद्धा उघड्या डोळ्याला त्रास देतं. अश्रूंत साधारण ०.९ टक्के मीठ असतं, तलावाच्या पाण्यात त्याहून खूप कमी. त्यामुळे बुबुळाचा वरचा थर पाणी शोषून किंचित फुगतो, दिव्यांभोवती कडी दिसतात, अर्ध्या-एक तासात निवळतं. क्लोरामाइनची आग वेगळी: ती पाण्यात न उतरता काठावर बसलेल्यालाही होते. वहीत काठावरच्या पालकांच्याही तक्रारी आहेत. दोष हवेत आहे, एवढं यावरून नक्की.

८ एप्रिल

सायन्युरिक ॲसिड कमी करायला पाणी बदलण्याशिवाय मार्ग नाही. दोन-तृतीयांश पाणी एकदम काढून भरलं तर ११० चं ३७ वर येईल, पण त्याला २०० घनमीटर लागतात, म्हणजे दहा हजारी वीस टँकर. एप्रिलमध्ये गावात प्यायला टँकर येत असताना तलावाला वीस टँकर हा विषयच नको. विहीर रोज २५ घनमीटर देते, त्याहून जास्त उपसलं तर पाणी मचूळ होतं. रोज २५ काढून २५ भरले तर दर दिवशी एक-बारांश पाणी बदलतं. बारा दिवसांत सायन्युरिक ३९ च्या आसपास यावं. एकूण पाणी १०० घनमीटर जास्त जातं, पण झेपणारी वाट हीच.

तलाव पूर्ण रिकामा करण्याची सूचना पुढे आली होती, ती बाजूला ठेवली. किनाऱ्यालगत भूजल वर असतं. रिकाम्या टाकीला खालून दाब बसला की फरशी उचलते, भिंतींना तडे जातात. पावसाळ्यात तर रिकामा तलाव मुळीच ठेवू नये.

काढलेलं पाणी आधी उघड्या टाकीत दोन दिवस उन्हात ठेवायचं, डीपीडीवर क्लोरीन शून्य आला की मगच माडांच्या आळ्यात. ओढ्यात किंवा खाडीत सोडायचं नाही.

गोळ्या बंद. आजपासून १० टक्के द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), डोसिंग पंपाने. या तलावात १ पीपीएम चढवायला ३ लिटर हायपो किंवा ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट ४६० ग्रॅम लागतं. हायपो उन्हाळ्यात झपाट्याने उतरतं, म्हणून एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच घ्यायचं आणि कॅन सावलीत ठेवायचे. स्वस्त ब्लीचिंग पावडर नको: तिच्यात निम्म्याहून कमी क्लोरीन आणि बाकी चुना, त्याचा गाळ तळाला आणि वाळूत बसतो.

९ एप्रिल

अल्कलिनिटी ३५ वरून ८५ वर न्यायची. खाण्याचा सोडा: १ पीपीएमला दर घनमीटरमागे १.७ ग्रॅम धरला तर ५० × ३०० × १.७, म्हणजे सुमारे २५ किलो. तीन हप्त्यांत, पंप चालू ठेवून, बादलीत विरघळवून काठाकाठाने. रोजच्या नव्या २५ घनमीटर पाण्यासाठी आणखी अडीच किलो. हे केल्याशिवाय पीएच धरून ठेवण्याची आशा करू नये, सकाळी ७.६ आणि दुपारी ६.९ असा झोका घेत राहील.

पीएचचं लक्ष्य ७.२ ते ७.४. ७.५ ला फ्री क्लोरीनचा साधारण अर्धा भाग हायपोक्लोरस ॲसिडच्या रूपात असतो, तोच झपाट्याने जंतू मारतो. पीएच ८ ला तो पाव भागावर येतो. वर गेलं तर जंतू, खाली गेलं तर क्लोरामाइन आणि दात. दातांचं अनेकांना नवल वाटतं, पण आम्लधर्मी तलावात रोज सराव करणाऱ्यांच्या दातांचं एनॅमल झिजल्याचं अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९८० च्या दशकात नोंदलं गेलं आहे.

१२ एप्रिल

पोहण्याआधीची अंघोळ. इथे मुलं थेट वाळूवरून येतात, आणि अर्ध्यांच्या अंगाला खोबरेल असतं. "क्लोरीन लागू नये" म्हणून घरूनच चोपडून पाठवतात. ते तेल क्लोरीन खातं, पाण्याच्या रेषेवर टाइलला चिकट पट्टा बसतो आणि फिल्टरमधल्या वाळूचे गोळे होतात. तेल पोहून आल्यावर, साबणाने अंघोळ करून मग लावावं. तेव्हा ते कातडीच्या खरोखर कामाचं.

एक मिनिटाचा शॉवर अंगावरचा बराचसा घाम आणि मळ काढतो. मिनिटाला ८ लिटरचे फवारे बसवले: १८० मुलांना १,४४० लिटर, म्हणजे दीड घनमीटरही नाही. तोच घाम तलावात उतरला तर त्याच्यासाठी ओतावं लागणारं ताजं पाणी याच्या कितीतरी पट. जर्मन आणि ब्रिटिश पद्धतीत दर माणशी ३० लिटर ताजं पाणी धरतात. आपल्या हिशेबाने दिवसाला ५.४ घनमीटर होतं, सध्याच्या २५ मध्ये ते आलंच.

लघवीचा विषय हसण्यावारी नेऊ नये. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये, शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडणाऱ्या ॲसेसल्फेम या कृत्रिम गोडव्याच्या प्रमाणावरून, सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या एका सार्वजनिक तलावात ७५ लिटर लघवी असल्याचा अंदाज काढला. दर तासाला शिट्टी, सगळे बाहेर, शौचालयाकडे. लहानांच्या तुकडीला अर्ध्या तासाने.

१६ एप्रिल

हवा. ट्रायक्लोरामाइन हवेत मोजण्याचं साधन इथे नाही, म्हणून पाण्यातला कंबाइन्ड क्लोरीन आणि तक्रारवही यांवरच भिस्त. जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त तलावांसाठी हवेत घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे.

ताडपत्री खालून दीड मीटर उचलून बांधली, वरचा भाग तसाच. वायू हवेहून जड, तेव्हा छपराखालचे पंखे फिरवून फायदा नाही. ते वरची हवा खाली दाबतात आणि पृष्ठभागावरचा थर मुलांच्या तोंडाशीच घोळवतात. दोन पंखे काठापासून अर्ध्या मीटर उंचीवर, पाण्यावरून पूर्वेकडे फेकणारे. पहाटे मतलई वारं उलट दिशेने असतं, तेव्हा ते बंद.

छपराचे टांगते गज स्टेनलेसचे आहेत, त्यांवर तांबूस ठिपके दिसले. खारी हवा आणि क्लोरामाइन एकत्र आले की साधं ३०४ जातीचं स्टेनलेस पोलाद आतून तडकतं, बाहेरून फारसं दिसतही नाही. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर इथे १९८५ साली तरणतलावाचं छत याच कारणाने कोसळून १२ जण गेले. गजांची तपासणी संरचना अभियंत्याकडे दिली.

२० एप्रिल

फ्री १.८, कंबाइन्ड ०.७, पीएच ७.३, सायन्युरिक ४० च्या आसपास. कंबाइन्ड तोडायला त्याच्या दहापट म्हणजे ७ पीपीएम क्लोरीन एका दमात, ज्याला शॉक म्हणतात: कॅल्शियम हायपोक्लोराइट ३.२ किलो. रात्री आठला तलाव बंद झाल्यावर, ताडपत्री पूर्ण उघडून, पंप चालू ठेवून. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधीही ओतायचं नाही. टीसीसीए ज्या भांड्यात किंवा डोसरमध्ये होतं त्यात कॅल्शियम हायपो अजिबात नको: दोन्ही एकत्र आले की पेट घेतात, स्फोटही होतो.

२१ एप्रिल

सकाळी फ्री ५.५, कंबाइन्ड ०.४. फ्री ४ च्या खाली येईपर्यंत तुकडी थांबवली. पूर्ण शून्यावर का आलं नाही? दहापटीचं गणित अमोनियासाठी चालतं. युरिया क्लोरीनशी हळूहळू भिडतो, काही सेंद्रिय क्लोरामाइन तर तुटतच नाहीत. वारंवार शॉक देत बसण्यापेक्षा ताजं पाणी आणि शॉवर हाच मार्ग. कॅल्शियम हायपोचा एक फायदा आयता मिळाला: १० पीपीएममागे हार्डनेस ७ ने वाढतो, आणि इथल्या मऊ पाण्याला, टाइलमधल्या सिमेंटला तो हवाच होता.

तपासणीतली एक खोच: क्लोरीन १० च्या वर असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडून नमुना पांढरा दिसतो आणि "क्लोरीन शून्य" अशी नोंद होते. शॉकनंतर नमुना पाचपट पातळ करूनच वाचावा. पीएच मोजायचा रंग, फिनॉल रेड, तोही जास्त क्लोरीनमध्ये जांभळा होतो आणि पीएच खोटा वाढलेला दिसतो.

२७ एप्रिल

संध्याकाळी कंबाइन्ड ०.३. वहीत खोकल्याच्या नोंदी जवळपास थांबल्या, काठावरच्या मंडळींच्या पूर्णच. डोळ्यांच्या उरलेल्या तक्रारी मुख्यतः गॉगल न लावणाऱ्यांच्या.

शिबिराच्या मदतनिसांसाठी भिंतीवर लावलेला मजकूर: दोन्ही डोळे सारखे लाल आणि काही तासांत निवळले तर तो पाण्याचा त्रास. एका डोळ्यापासून सुरुवात, चिकट स्राव, सकाळी पापण्या चिकटणं, सोबत ताप किंवा घसा दुखणं म्हणजे संसर्ग. अशा मुलाला घरी पाठवायचं, टॉवेल कोणाशी वाटून घ्यायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरायचं नाही. लेन्सखाली अकांथअमीबा हा पाण्यातला सूक्ष्म जीव अडकला तर बुबुळ जाऊ शकतं, आणि क्लोरीनला तो चिवटपणे पुरून उरतो.

२ मे

कान. दमट हवेत कानाची नळी वाळत नाही, त्यात स्यूडोमोनास हा जिवाणू वाढतो. ओळख: कानाची पाळी ओढली किंवा पुढचा उंचवटा दाबला की कळ येते. पोहून झाल्यावर मान कलती करून पाणी काढायचं, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपायचं. काडीने कोरायचं नाही. मळ थोडासा राहू द्यावा, तोच नळीला राखतो. लसूण कढवलेलं तेल घालण्याची घरोघरची सवय इथे घातक: पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं.

कातडी: पोहल्यानंतर लगेच साबणाची अंघोळ, ओला पोशाख बदलणं, मग तेल. पोशाखाखालीच पुरळ उठलं असेल तर क्लोरीनची ॲलर्जी समजण्याआधी तलावाचा फ्री क्लोरीन बघावा. कमी क्लोरीनमध्ये स्यूडोमोनासनेच असं पुरळ येतं. पायांच्या बोटांतली चिखल्यासारखी खाज ओल्या फरशीवरून येते, पाण्यातून क्वचित. फरशी रोज घासून वाळवणं, चपला.

६ मे

दमा असलेल्या मुलांच्या पालकांचे प्रश्न. २००३ मध्ये बेल्जियममध्ये बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी बंद तलावात नियमित जाणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांच्या आतल्या अस्तरात बदल आढळल्याचं मांडलं आणि तिथून दम्याची चर्चा पेटली. पुढे ब्रिटनमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या मोठ्या पाहणीत (२०११) उलट चित्र दिसलं: पोहणाऱ्या मुलांची फुप्फुसं उलट चांगली, विशेषतः दमेकरी मुलांची. आमचा कौल: दमेकरी मुलाला पोहण्यापासून तोडू नये, वाईट हवेच्या तलावापासून तोडावं. डॉक्टरांनी दिलेला पंप काठावर, पिशवीच्या वरच्या कप्प्यात. शक्यतो सकाळची तुकडी.

खरा धोका मुलांपेक्षा प्रशिक्षकांना आणि जीवरक्षकांना. मूल तासभर येतं, ते आठ तास तिथेच असतात. बंद तलावांवरच्या कर्मचाऱ्यांत ट्रायक्लोरामाइनमुळे व्यावसायिक दमा झाल्याचं सिद्ध आहे. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान: सुट्टीच्या दिवशी खोकला थांबतो का? थांबत असेल तर कारण तलावावरच आहे.

१४ मे

विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. क्लोराइड ५८० मिग्रॅ/लिटर. (पिण्याच्या पाण्याला २५० पर्यंत योग्य.) समुद्राच्या पाण्यात क्लोराइडच्या साधारण २९० व्या भागाइतकं ब्रोमाइड असतं, म्हणजे भरणाऱ्या पाण्यात २ मिग्रॅच्या आसपास ब्रोमाइड येतंय.

किनाऱ्यावरच्या तलावांचं हे अंग सहसा कोणी बघत नाही. क्लोरीन ब्रोमाइडचं लगेच हायपोब्रोमस ॲसिड करतो. जंतू मारायला तेही चांगलं आणि वासही कमी, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण डीपीडी दोघांना वेगळं दाखवत नाही, सायन्युरिक ॲसिड ब्रोमिनला वाचवत नाही, आणि उपपदार्थांत क्लोरोफॉर्मची जागा ब्रोमोफॉर्म घेतं. ब्रोमिनयुक्त उपपदार्थ श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातात, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ते सहसा क्लोरीनवाल्या भावंडांपेक्षा जास्त त्रासदायक निघतात. म्हणून मचूळ पाणी थांबवलं. वरच्या आवाठातली जांभ्याची विहीर रोज ७ घनमीटर देते, माणशी ३० लिटरचा हिशेब त्यात भागतो. सायन्युरिक ३० वर आलंय, बाकीचं पावसावर.

१९ मे

दुपारी वळीव, वीज गेली. फिरता पंप थांबला, डोसिंग पंप (एक हायपोचा, एक पीएच उतरवणाऱ्या ॲसिडचा) मात्र इन्व्हर्टरवर दिव्यांच्या लाइनला जोडलेले, ते चालूच. तत्काळ हाताने बंद केले, मुलं बाहेर. पाणी वाहत नसताना हायपो आणि ॲसिड एकाच नळीत साठलं तर तिथे क्लोरीन वायू तयार होतो. फिरता पंप सुरू होताच तो तलावात पाणी सोडणाऱ्या तोंडांतून मुलांच्या अंगावर येतो. तलावांवरच्या गंभीर विषबाधा बहुधा अशाच होतात.

२० मे

दोन्ही डोसिंग पंप इन्व्हर्टरवरून काढून मुख्य पंपाच्या स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरमधून घेतले, शिवाय नळीवर फ्लो स्विच. फक्त कॉन्टॅक्टर पुरत नाही: पंप फिरतोय पण हवा ओढतोय, अशा वेळी पाणी वाहत नसतं. हायपोचं आणि ॲसिडचं तोंड नळीवर एकमेकांपासून दोन मीटर दूर. चाचणी: झडप बंद करून पंप चालवला, डोसिंग थांबलं. वीज आल्यावर पाच मिनिटं नुसतं पाणी फिरवून मगच मुलांना आत घ्यायचं.

२४ मे

लहानांच्या तुकडीत विष्ठा, घट्ट. सगळे बाहेर, जाळीने काढली (व्हॅक्यूमने नाही), फ्री २ च्या वर आणि पीएच ७.५ च्या खाली ठेवून २५ मिनिटं, मग सुरू. पातळ असती तर वेगळं प्रकरण होतं: क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी १ पीपीएममध्ये दहा दिवस तग धरतो. सायन्युरिक नसलेल्या पाण्यात २० पीपीएम पावणेतेरा तास, १५ पर्यंत सायन्युरिक असेल तर २० पीपीएम २८ तास. आजच्या ३० ला तर आधी पाणीच बदलावं लागलं असतं. गोळ्यांवर परत न जाण्याचं हे पुरेसं कारण आहे. क्रिप्टोचा जुलाब झालेल्या मुलाने बरं वाटल्यावरही दोन आठवडे तलावात यायचं नाही.

३० मे

आगोटीची कामं. कॅल्शियम हायपोचे ड्रम पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतात, तापतात. प्लास्टिकच्या चौथऱ्यावर, झाकण घट्ट, कोरडा डाव, शेजारी गोणपाट किंवा लाकूड नाही, ॲसिड दुसऱ्या खोलीत. फिल्टरचा दाब धुतल्यानंतरच्या आकड्यापेक्षा अर्धा बार चढला, बॅकवॉश केला (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुतली). मेमध्ये तेलाचे गोळे निघाले नाहीत.

९ जून

मिरगाचा पाऊस लागला. पहिल्या दोन सरींचं छपरावरचं पाणी सोडून दिलं: कावळ्यांची विष्ठा, पाचोळा. त्यानंतरचं पागोळ्यांचं पाणी गाळून तलावात, तेवढंच जुनं बाहेर. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते, दर १० घनमीटरला १.३ किलो सोडा सोबत.

१६ जून

शिबिर संपलं. संध्याकाळचं वाचन: फ्री १.६, कंबाइन्ड ०.२, पीएच ७.३, अल्कलिनिटी ८०, सायन्युरिक १५ च्या खाली. पावसाळाभर पाणी तसंच ठेवायचं, पंप रोज चार तास, फ्री १ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. नाहीतर डास आणि शेवाळ. अभियंत्याने दोन टांगते गज बदलायला सांगितले आहेत, ते होईपर्यंत खोल बाजूच्या छपराखाली कोणालाही सोडायचं नाही.